दोषवाचक शब्द, मराठीतील

एखाद्याने अपराध केला असे म्हणणे, ते शाबीत करणे आणि त्याला दोषी ठरविणे या व्यवहारांसाठी मराठीत रूढ झालेला शब्दसमूह. दोष, अपराध, आरोप हे संस्कृत. गुन्हा, गुन्हेगार, फिर्याद, तोहमत हे फारसी-अरबी. आळ, किटाळ, बालंट, ठपका, बोल हे बोलीतले.

‘अपराध’ हा अप + राध् यापासून झालेला. ‘नेम चुकणे’ हा त्याचा जुना अर्थ असावा, कारण ज्याचा बाण लक्ष्यापासून ढळला त्याला अमरकोशात ‘अपराद्धपृषत्क’ म्हटले आहे. ‘आरोप’ म्हणजे मुळात चढविणे, लावणे. ‘रोप’ आणि ‘रोपण’ त्याच धातूचे. अलंकारशास्त्रात मुखावर चंद्राचा आरोप करतात तेव्हा त्यात निंदा नसते. ‘दोष’ दुष् धातूपासून आला. वात, पित्त, कफ यांनाही वैद्यकात दोषच म्हणतात. ‘गुन्हा’ हे फारसी ‘गुनाह’चे वर्णविपर्ययाने (वर्णांच्या अदलाबदलीने) झालेले रूप. मध्य-फारसीत तो शब्द ‘विनाह’ असा आढळतो आणि संस्कृत ‘विनाश’शी त्याचे नाते इराणी भाषांच्या अभ्यासकांना सामान्यतः मान्य आहे. आरंभीच्या ‘वि’चा ‘गु’ होणे फारसीत नियमित आहे (विश्तास्प–गुश्तास्प). शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले, तरी ‘गुन्हा’ टिकला.

‘आरोपी’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या वादाचा आहे. कर्तृवाचक प्रत्यय मानल्यास त्याचा अर्थ ‘आरोप करणारा’ असा होतो, म्हणून काही शुद्धतावादी ‘आरोपित’ सुचवितात. मात्र दोष असलेला तो दोषी, रोग असलेला तो रोगी. तसा ज्याच्या नावावर आरोप आहे तो आरोपी, अशी मत्वर्थीय (‘ते असलेला’ या अर्थाची) फोड शक्य आहे आणि रूढीशी तीच जुळते. ‘फिर्यादी’त मात्र तीच ‘ई’ फिर्याद करणाऱ्याकडे बोट दाखविते.

धर्मशास्त्रात वादीच्या कथनाला ‘भाषा’ किंवा ‘प्रतिज्ञा’ अशी संज्ञा आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा टीकेत (अकराव्या शतकाचा अखेर किंवा बाराव्याचा आरंभ) भाषा, उत्तर, क्रिया (पुरावा) व साध्यसिद्धी (निर्णय) असे व्यवहाराचे, म्हणजे खटल्याचे, चार पाद दिले आहेत. उत्तराचे प्रकारही चार: मिथ्या (नाकबुली), संप्रतिपत्ती (कबुली), कारणोत्तर (गोष्ट मान्य करून बचावाचे कारण देणे) आणि प्राङ्न्याय, म्हणजे याच वादाचा निकाल पूर्वी लागला आहे असे सांगणे.

मराठेशाहीतील वतनाच्या तंट्यांत ‘दोषी’पेक्षा ‘खोटा’ हा शब्द महत्त्वाचा होता. गोतसभेपुढे (गावच्या वतनदार-बलुतेदारांच्या न्यायसभेपुढे) किंवा दिव्यात (दैवी कसोटीत) एक पक्ष ‘खरा’ होई, दुसरा ‘खोटा’. रवादिव्यात उकळत्या तेलातून किंवा तुपातून धातूचा तुकडा काढावा लागे. नंतर हात पिशवीत बांधून मोहोरबंद करीत व काही दिवसांनी तपाशीत. हरलेला पक्ष ‘येजितखत’, म्हणजे हार कबूल करणारा कागद, लिहून देई. हा शब्द ‘यजितपत्र’ असाही आढळतो. ‘जित’ शब्दाशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो. परंतु अरबी ‘आजिज’ (हतबल) हे मूळ अधिक ग्राह्य वाटते. जिंकणाऱ्याकडून ‘हरकी’ (जिंकल्याबद्दलची रक्कम) आणि हरणाऱ्याकडून ‘गुन्हेगारी’ घेत. ‘गुन्हेगारी’ म्हणजे तेव्हा दंडाची रक्कम. गुन्हे करण्याची प्रवृत्ती हा आजचा अर्थ नंतरचा दिसतो.

बोलीतल्या काही शब्दांत आरोपाच्या खरेखोटेपणाचा निवाडा आधीच झालेला असतो. आळ, किटाळ, बालंट, कुभांड म्हटले की आरोप खोटा, असे बोलणारा सुचवितो. म्हणून ‘माझ्यावर आळ आला’ हे सहज म्हटले जाते, पण ‘मी त्याच्यावर आळ घेतला’ हे बहुधा पश्चात्तापाने. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्र पाहिल्यास चोरीचा आळ येतो, हा समज स्यमंतक मण्याच्या कथेवर आधारलेला. ‘बोल लावणे’ व ‘दोष देणे’ यांत असा निवाडा नाही. ‘खापर फोडणे’मधील खापर संस्कृत खर्पर, कर्पर यांच्याशी संबद्ध आहे. अंत्यविधीत मडके फोडण्याशी या वाक्प्रचाराचा संबंध जोडता येईल, पण तेवढ्याने ‘दुसऱ्याच्या माथी’ हा भाग उलगडत नाही.

आजच्या विधिभाषेत ‘दोषारोप’ न्यायालय ठेवते, ‘दोषारोपपत्र’ पोलीस दाखल करतात. ‘दोषसिद्धी’ झाल्यावर आरोपी ‘सिद्धदोष’ होतो. भारतीय दंड संहितेची (1860) जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी ‘सदोष मनुष्यवध’ ही घडण कायम आहे. ‘ठपका’ला प्रशासनात निश्चित अर्थ आहे: महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 यांनुसार ‘ठपका ठेवणे’ ही किरकोळ शिक्षांपैकी एक होय.