दाव्याचा नंबर, साल आणि कोर्ट

दिवाणी कोर्टाच्या रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी जुन्या दाव्याची चौकशी करायला गेलं की आतून तीनच प्रश्न येतात. नंबर काय? साल कोणतं? कोर्ट कुठलं? आमच्याकडे भांडवल एवढंच होतं की ‘पन्नास-बावन्न साली भाऊबंदांशी दावा झाला आणि तो आपल्या बाजूने लागला’. गावाचं नाव होतं, आजोबांचं नाव होतं, जमिनीचा सर्व्हे नंबर होता. त्यातल्या एकाचाही खिडकीपलीकडे उपयोग नव्हता. कारकून अडवणूक करत नव्हता, त्याच्या रजिस्टरात नावाने किंवा गावाने शोधायची सोयच नव्हती. ही सोय का नाही हे समजायला दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

पेशवाईत असा वाद गोतसभेत (गावच्या वतनदारांच्या आणि जाणत्यांच्या सभेत), पंचांपुढे किंवा थेट सरकारात सुटायचा. दोन्ही बाजूंकडून आधी राजीनामा घेत. आजच्या अर्थाचा नाही. पंच देतील तो निवाडा राजीखुशीने मानू, असं लिहून देणं म्हणजे राजीनामा. मग जामीन, मग तकरीर म्हणजे ज्याची त्याची हकीकत, मग साक्षीपुरावा आणि शेवटी निवाडपत्र. वादी काय म्हणाला, प्रतिवादी काय म्हणाला, कोणत्या गावच्या पाटलाने काय साक्ष दिली, हे सगळं त्या एकाच लांबलचक कागदात ओळीने येई. हरणारा यजितपत्र लिहून देई, म्हणजे आपण खोटे पडलो याची कबुली. सरकार जिंकणाऱ्याकडून हरकी म्हणजे जिंकल्याच्या आनंदाची रक्कम घेई आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी म्हणजे दंड. निवाड्याची दखल सरकारी दप्तरात राहिली तरी हक्काचा कागद जिंकणाऱ्याच्या घरी, पेटीत. पुढच्या पिढीत पुन्हा कुरबूर झाली की तोच काढून पंचांपुढे ठेवायचा. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी यांच्या घरगुती दप्तरांतून आजही निवाडपत्रं निघतात ती म्हणूनच.

१८१८ साली पेशवाई बुडाल्यानंतर इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनने सुरुवातीला पंचायती चालू ठेवून पाहिल्या. पण १८२७ साली मुंबई इलाख्यासाठी त्याची नियमसंहिता आली आणि दिवाणी कोर्टांची उतरंड पक्की होत गेली. (त्या संहितेतलं आठवं रेग्युलेशन अजून जिवंत आहे. महाराष्ट्रात वारस दाखल्याचे अर्ज त्याच्याखालीच होतात.) १८५९ साली दिवाणी प्रक्रिया संहिता आली, १८६२ साली मुंबईचं हायकोर्ट सुरू झालं आणि १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्याने जिल्हा न्यायाधीश व त्याच्या हाताखालचे दोन वर्गांचे न्यायाधीश अशी घडी बसली. आजचे वरिष्ठ स्तर आणि कनिष्ठ स्तर हे त्यांचेच वारस.

या घडीचा कणा अपील होता. वरच्या कोर्टातल्या न्यायाधीशाने ना पक्षकार पाहिलेले असत, ना साक्षीदार. खाली काय घडलं ते त्याला कागदावरूनच कळणार. म्हणून निवाडपत्राचे तुकडे झाले. दावा वेगळा, कैफियत म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर वेगळं, मुद्दे वेगळे, जबान्या वेगळ्या. दाखल कागदावर निशाणी क्रमांक. कोणत्या तारखेला काय झालं त्याचा रोजनामा. शेवटी निकालपत्र आणि त्यावरून हुकूमनामा, म्हणजे डिक्री. एवढ्या कागदांना एकत्र बांधणारी दोरी म्हणजे दाव्याचा नंबर. १९०८ च्या नव्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला नियम सरळ सांगतो की दाखल झालेल्या प्रत्येक दाव्याची नोंद रजिस्टरात करावी आणि दरवर्षी दाखल झालेल्या क्रमाने नंबर द्यावेत. ‘रे.मु.नं. अमुक, सन तमुक’ हे जे जुन्या कागदांवर दिसतं ते इथून आलं. रे.मु. म्हणजे रेग्युलर मुकदमा. कागद जिंकणाऱ्याच्या घरातून कोर्टाच्या कपाटात गेला तो असा, आणि कपाटाची किल्ली म्हणजे तो आकडा.

हा बदल सामान्य कुणब्याला किती महागात पडला ते १२ मे १८७५ ला सुप्यात दिसलं. बाजाराचा दिवस होता. पुणे जिल्ह्यातल्या या गावी जमाव सावकारांवर तुटून पडला. पुढे दंग्याचं लोण नगर जिल्ह्यातही गेलं. चौकशी आयोगाने नोंदवलं की दंगेखोरांचा डोळा खतं म्हणजे कर्जरोखे आणि हुकूमनाम्यांवर होता. ती हाती आली की जाळायची. जिथे सावकाराने मुकाट्याने काढून दिली तिथे बहुधा मारहाणही झाली नाही. पण हुकूमनाम्याची सावकाराकडची नक्कल जळली तरी कोर्टातला मूळ हुकूमनामा सुखरूप होता, आणि त्यातले कितीतरी हुकूमनामे शेतकरी कोर्टात हजरच नसताना एकतर्फी झालेले होते.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांत तो आधी लागू झाला. खतावरच्या आकड्यावर न थांबता देण्याघेण्याचा मुळापासूनचा इतिहास कोर्टाने तपासायचा, असं त्यात होतं. न्यायमूर्ती रानड्यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं. या चार जिल्ह्यांतल्या त्या काळच्या सावकारी दाव्याचं बाड कोणाला मिळालंच, तर त्यात पणजोबांच्या कर्जाची कुंडली असते: पहिलं खत कधी, व्याज किती, बैल कधी विकला.

‘मिळालंच तर’ म्हणायचं कारण त्याच १८७९ सालात आहे. त्या वर्षी दस्तऐवजांच्या नाशाबद्दलचा कायदाही झाला आणि १९१७ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. निरुपयोगी कागद कधी नष्ट करायचे याचे नियम करण्याचा अधिकार त्याने हायकोर्टाला दिला. बाडातल्या कागदांची प्रतवारी होते आणि प्रत्येक प्रतीची मुदत वेगळी असते. स्थावर मिळकतीच्या दाव्यातलं निकालपत्र आणि हुकूमनामा टिकवतात. समन्स, किरकोळ अर्ज यांची मुदत सगळ्यांत आधी संपते. पक्षकारांनी हजर केलेली अस्सल खतंही कोर्टात कायमची राहत नाहीत. अपिलाची मुदत टळली की ज्याची त्याने अर्ज करून परत न्यावीत, अशी तरतूद आहे. म्हणजे आपण ज्या खरेदीखतासाठी कोर्टात हेलपाटे घालतो ते चुलत घराण्याच्या ट्रंकेत असण्याची शक्यताही तेवढीच.

नंबर मिळाला तरी कपाट चुकण्याचा धोका उरतोच. तालुक्याच्या कोर्टातली निकाली प्रकरणं काही काळाने जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये जातात. पण जिल्हा कोणता? सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत, नंदुरबार १९९८ पर्यंत धुळ्यात, पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात. आजच्या नकाशावरून निघालं की एक हेलपाटा फुकट जातो. अपील झालं असेल तर मूळ बाड वर गेलेलं असतं. औंध, फलटण, सांगली यांसारख्या संस्थानांची न्यायालयं १९४८ पर्यंत वेगळीच होती, कोल्हापूरची १९४९ पर्यंत. मराठवाड्यातल्या निजामकाळच्या कोर्टाची भाषा उर्दू. पश्चिम महाराष्ट्रात जुन्या जबान्या आणि दाखल खतं मोडीत. महाराष्ट्रातल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी, अशी अधिसूचना निघाली ती २१ जुलै १९९८ ची. त्याआधीची निकालपत्रं पुष्कळदा इंग्रजीत भेटतात.

आणि कित्येक दावे मुळात दिवाणी कोर्टात गेलेलेच नसतात. ताब्याचे, वहिवाटीच्या वाटेचे, पाण्याचे वाद मामलेदार कोर्ट कायद्याखाली मामलेदारापुढे म्हणजे तहसीलदारापुढे चालत, अजून चालतात. कूळ आहे की नाही हा प्रश्न १९४८ च्या कूळकायद्याने दिवाणी कोर्टाच्या हातून काढूनच घेतला. ते कागद तहसील कचेरीत. वाटपाच्या दाव्यातही हुकूमनामा कोर्टाचा, पण शेतजमिनीचं सरसनिरस (कस पाहून केलेलं) वाटप संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कलेक्टरकडून. बांध कुठे घातला ते पाहायचं तर तिकडचं प्रकरण काढावं लागतं. दिवाणी कोर्टात ‘सापडत नाही’ म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या निम्म्या लोकांचा कागद रस्ता ओलांडून समोरच्या कचेरीत असावा असा माझा संशय आहे.

आमचा नंबर सापडला तो घरातच. जुन्या खरेदीखताच्या पाठीवर जांभळा, पुसट शिक्का होता. आम्ही वर्षानुवर्षं तो स्टॅम्प व्हेंडरचा समजत होतो. भिंगाखाली धरल्यावर दाव्याचा नंबर, हजर करणाऱ्याचं नाव, तारीख आणि न्यायाधीशांची आद्याक्षरं दिसली. पुराव्यात घेतलेल्या प्रत्येक कागदावर हा शेरा मारायचा असा संहितेचाच नियम आहे. ज्यांच्याकडे असं खत नाही त्यांनी तलाठ्याकडचा फेरफार पाहावा. कोर्टाच्या निकालावरून नाव चढलं वा उतरलं असेल तर त्या नोंदीत दाव्याचा नंबर आणि निकालाची तारीख बहुधा असते.

नक्कल मागण्याचा हक्क १८७२ च्या पुरावा कायद्यातला. ज्याला सार्वजनिक दस्त पाहायचा अधिकार आहे त्याला फी घेऊन सहीशिक्क्याची नक्कल द्यावी, असं कलम ७६ म्हणत होतं. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ७५ मध्ये आहे. पक्षकाराला आणि त्याच्या वारसाला फारसं विचारत नाहीत. तिऱ्हाइताने मात्र कारण सांगायचं, बहुधा प्रतिज्ञापत्रावर. माहिती अधिकार कायदा आल्यावर लोकांना वाटलं की आता दहा रुपयांच्या अर्जावर काम होईल. गुजरात हायकोर्टाच्या नियमांवरून गेलेल्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० रोजी सांगितलं की कोर्टाच्या नियमांत नकलेची वाट आखलेली असताना माहिती अधिकाराची वाट धरता येणार नाही. म्हणजे कोर्ट फीचं तिकीट, छापील अर्ज आणि तीच खिडकी.

कोर्टांच्या संगणकीकरणाचा ई-कोर्ट प्रकल्प २००७ पासून चालू आहे. नव्या प्रकरणांना सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर, म्हणजे प्रकरणाचा स्वतंत्र ओळखक्रमांक, मिळतो. महाराष्ट्राची प्रकरणं ‘एमएच’पासून सुरू होतात. २०२३ साली मंजूर झालेल्या तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये आहेत, आणि जुनी बाडं स्कॅन करण्याचं कामही त्यात आहे. संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावानेही शोधता येतं, रजिस्टराला जे कधीच जमलं नव्हतं. पण संगणक येण्याआधी निकाली निघालेले दावे तिथे क्वचितच भेटतात, आणि नाव रोमन लिपीत कोणी कसं टाइप केलं त्यावर शोध अडतो.

आमची नक्कल हातात पडली तेव्हा पाठीवर तीन तारखा होत्या: अर्ज केला ती, नक्कल तयार झाली ती आणि दिली ती. अपिलाची मुदत मोजताना नकलेत गेलेले दिवस वगळतात, म्हणून त्या लिहायच्या. आमच्या बाबतीत मुदत संपून सत्तर वर्षं झाली होती, तरी तारखा काटेकोर भरल्या होत्या. जबान्यांची मुदत केव्हाच संपलेली, त्या नष्ट झाल्याचा शेरा मिळाला. उरलं होतं निकालपत्र आणि हुकूमनामा. अकरा पानी इंग्रजी निकालपत्रात न्यायाधीशांनी वादीची हकीकत, प्रतिवादीची हकीकत आणि गावच्या पाटलाची साक्ष ओळीने उतरवली होती. चौथ्या पानावर आजोबांचं म्हणणं आहे की विहिरीवर मोट आमचीच चालते, आणि धाकटा भाऊ मुंबईला गिरणीत गेला तेव्हा त्याच्या भाड्याचे पैसे याच मळ्यातल्या उसाच्या गुळातून दिले.