सभासद वर्गणी : ठरवण्याचा अधिकार

सार्वजनिक, बिगर नफा संस्थेच्या सभासदाने द्यायची वार्षिक किंवा आजीव रक्कम कोणी ठरवायची, यासंबंधीचे नियम व प्रघात. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० यात वर्गणीचा आकडा नाही आणि तो कोणी ठरवावा हेही नाही. ते संस्थेच्या घटनेवर सोडले आहे. मात्र याच अधिनियमाच्या कलम १५ नुसार तीन महिन्यांहून अधिक थकबाकी असलेल्याला मत देता येत नाही, सभासद म्हणून त्याची गणनाही होत नाही. म्हणजे जो वर्गणी ठरवतो तो मतदारयादीलाही हात घालतो. निवडणुकीच्या तोंडावर केलेल्या दरवाढीकडे सभासद संशयाने पाहतात, ते उगाच नव्हे.

ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या १८९३ सालच्या संस्थेपासून नवी मुंबईतल्या सेक्टरनिहाय ज्येष्ठ नागरिक संघांपर्यंत अनेक संस्था सभासदांच्या बळावर उभ्या आहेत. अशा संस्थांत रूढ असलेली पद्धत अशी : खजिनदार जमाखर्च मांडतो, कार्यकारी मंडळ दर सुचवते, वार्षिक सर्वसाधारण सभा तो मंजूर करते. हीच वाट सर्वांत बरी. नोंदणीच्या घाईत कुठल्या तरी तयार मसुद्यातला आकडा घटनेत उतरवला, तर पुढे शंभराचे दीडशे करायलाही घटनादुरुस्तीची उस्तवार करावी लागते. उलट सगळा अधिकार मंडळालाच दिला, तर दरवाढ सभासदाला कळते ती पावती हातात पडल्यावर.

सभेच्या मंजुरीतही एक खोच आहे, ती गणपूर्तीची, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीची. ‘गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही,’ ही सूचना जवळपास प्रत्येक नोटिशीच्या तळाशी छापलेली असते. दरवाढ बऱ्याचदा याच दुसऱ्या सभेत, बटाटेवडे येईपर्यंतच्या वेळात मंजूर होते. निदान नवा दर विषयपत्रिकेत आकड्यासह यावा. ‘ऐनवेळचे विषय’ या सदराखाली तो घेणे गैरच.

आजीव सभासदांचा प्रश्न याहून अवघड. त्यांनी कधीकाळी एकरकमी पैसे भरलेले असतात, वार्षिक वर्गणी त्यांना लागू नसते, तरी तिच्यावर मत मात्र देता येते. जुन्या संस्थांत त्यांचेच बहुमत असल्यास दर वर्षानुवर्षे गोठतो किंवा नव्यांच्या माथी वाढतो.

सहकारी गृहनिर्माण संस्थेचा दाखला इथे लागू पडत नाही, जरी दोन्हीकडे पदाधिकारी पुष्कळदा तेच असतात. तिथे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चालतो आणि काही शुल्कांना शासनानेच मर्यादा घातली आहे : बिनभोगवटा शुल्क (सभासद स्वतः न राहता सदनिका भाड्याने देतो तेव्हाचे) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत, तर हस्तांतरण अधिमूल्य (सदनिका दुसऱ्याच्या नावे होताना संस्थेला द्यायची रक्कम) महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांपर्यंत. धर्मादाय संस्थेच्या वर्गणीला अशी सरसकट कमाल मर्यादा नाही.

विद्यार्थी किंवा अडचणीतल्या सभासदाला सवलत देण्याचा अधिकार कार्यकारी मंडळाकडे असणे सोयीचे. त्यासाठी कोणाला सभेची वाट पाहायला लावू नये. वार्षिक अहवालात अशा सवलतींची संख्या द्यावी, नावे नकोत.