ठणका पडद्याच्या अलीकडचा की पलीकडचा?

कान ठणकायला लागला की खानापूर-निपाणीकडच्या घरांत आजही आधी तेल कोमट होतं, त्यात लसणाची पाकळी पडते आणि दोन थेंब कानात जातात. त्याआधी एक करून पाहा. कानाच्या भोकासमोर जो छोटा उंचवटा असतो, तो बोटाने हलकेच दाबा. मग कान वर धरून किंचित मागे ओढा. कळ उठली तर दुखणं बहुधा पडद्याच्या अलीकडे, बाहेरच्या नळीत आहे. ओढून काहीच फरक पडत नसेल आणि सोबत सर्दी-ताप असेल, तर ते बहुधा पडद्याच्या पलीकडे, मधल्या कानात आहे.

पलीकडचं दुखणं मुख्यतः लहान मुलांचं, आणि त्याचं मूळ नाकात असतं. मधल्या कानातून एक बारीक नळी नाकाच्या मागे उघडते. मोठ्या माणसात ती सुमारे 35 मिलिमीटर लांब आणि उतरती असते. तान्ह्या बाळात जेमतेम निम्मी आणि जवळजवळ आडवी. सर्दीने तिचं तोंड सुजतं, आत हवा पोचत नाही, पाणी साठतं, नाकातले जंतू वर चढतात आणि पू धरतो. मूल आडवं झालं की दाब वाढतो, म्हणून रडणं रात्रीचं. कधी पडदा फुटून पू बाहेर येतो आणि ठणका एकदम थांबतो. घरच्यांना वाटतं, बरं झालं! खरं तर डॉक्टरांना दाखवण्याची वेळ तीच. भोक बहुधा आपोआप भरतं, पण कान दोन आठवड्यांहून जास्त वाहत राहिला तर दुखणं जुनाट होतं, ऐकू कमी येतं आणि लहान मुलाचं बोलणंही मागे पडू शकतं.

आता तेलाचं. पडदा शाबूत असेल तर तेल पलीकडे पोचतच नाही. फाटला असेल तर पोचतं, आणि तिथे ते अजिबात नको.

वाहणारा कान कोरडा करायला वात वापरावी. स्वच्छ सुती कापडाची किंवा मऊ टिश्यूची, समईच्या वातीपेक्षा जाड. ती अलगद कानात ठेवायची, भिजली की काढून टाकायची, दुसरी घ्यायची, वात कोरडी निघेपर्यंत. दिवसातून 3 वेळा. डॉक्टरांनी दिलेले थेंब त्यानंतरच, कारण पुवावर टाकलेलं औषध पुवाबरोबरच बाहेर येतं. थेंबांची बाटली मुठीत धरून कोमट करावी, गार थेंबांनी चक्कर येते. घरातल्या जुन्या बाटलीतले थेंब मात्र घालू नयेत. जेंटामायसिनसारखी काही औषधं फाटक्या पडद्यातून आत गेली तर ऐकण्याची शक्तीच जाऊ शकते.

दोन वर्षांवरच्या मुलाचा ताप बेताचा असेल, कान वाहत नसेल, तर डॉक्टर पुष्कळदा 2-3 दिवस फक्त पॅरासिटामॉलवर वाट पाहतात. त्याला हलगर्जी समजू नये. यातली बरीच दुखणी अँटिबायोटिकशिवाय बरी होतात. पॅरासिटामॉलच्या सिरपची बाटली मात्र नीट वाचा: 5 मिलीत 125 मिलिग्रॅम आहे की 250? 10 किलोच्या मुलाला एका वेळी 150 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे पहिल्यातलं 6 मिली, दुसऱ्यातलं 3. दोन डोसांत किमान 6 तास.

प्रतिबंध म्हणाल तर पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाजताना डोकं उंच, झोपवून बाटली नको. कानात पू धरवणाऱ्या एका जंतूविरुद्धची न्यूमोकोकल लस सरकारी दवाखान्यात 6 आठवडे, 14 आठवडे आणि 9 महिन्यांना मोफत मिळते. विडीचा धूर आणि चुलीचा धूर यांनी मुलांचे कान जास्त बिघडतात. निपाणीकडच्या तंबाखूच्या पट्ट्यात हे आवर्जून सांगायला हवं.

अलीकडचं दुखणं पाण्याचं आणि काडीचं. उन्हाळ्यात विहिरीत पोहणं, मग लावणीच्या दिवसांत तासन् तास पावसात, अशाने नळीची कातडी भिजून फुगते. त्यात काडेपेटीची काडी, पिन किंवा इअरबड गेला की ओरखडा उठतो आणि जंतू शिरतात. कानातला मळ हा शत्रू नव्हे. तो किंचित आम्लधर्मी असतो, जंतूंना रोखतो, आणि नळीची कातडी आतून बाहेर सरकत त्याला आपसूक बाहेर आणते. बड त्याला उलट आत ठासतो.

दमट हवेत ओल राहिलेल्या कानात, त्यात तेल घातलेलं असलं की विशेषच, बुरशी धरते. ठणक्यापेक्षा खाज जास्त, कान दडे बसल्यासारखा, आणि डॉक्टरांना आत दिसतो भिजलेल्या टीपकागदासारखा थर, त्यावर काळे ठिपके. तो साफ केल्याशिवाय थेंबांचा उपयोग होत नाही, आणि खाज थांबली म्हणून औषध मधेच सोडलं तर बुरशी परत येते.

पोहून आल्यावर मान कलती करून पाणी निथळू द्यावं आणि फक्त बाहेरचा कान पुसावा. कान वाहत असेल तर अंघोळीपुरता व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा पुरे. पोहणं मात्र बंद.

कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, तोंड वाकडं झालं, मान आखडली किंवा सहा महिन्यांखालच्या बाळाला ताप असला, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठावं. मधुमेह असलेल्या आजी-आजोबांचा कान रात्री झोपू देत नसेल तर तेही याच यादीत. त्यांच्यात बाहेरच्या नळीतला संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत उतरू शकतो.