बेलोरा–बिरसी हवाई अंतर व प्रवासकाल

अमरावतीजवळील बेलोरा आणि गोंदियाजवळील बिरसी हे विदर्भाच्या दोन टोकांकडील प्रादेशिक विमानतळ असून त्यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे २८० किमी, म्हणजे अदमासे १५० सागरी मैल आहे. बेलोऱ्याहून बिरसीची दिशा पूर्व-ईशान्य येते. अक्षांशांत जेमतेम पाऊण अंशाचा फरक असला तरी रेखांशांत अडीच अंशांहून अधिक फरक असल्याने बिरसीला सूर्य बेलोऱ्यापेक्षा सुमारे १० मिनिटे आधी माथ्यावर येतो. नकाशावर दोन्ही ठिकाणे सरळ रेषेने जोडली, तर ती रेषा नागपूर परिसरावरून जाते आणि नागपूरचा विमानतळ दोहोंपासून सारख्याच, म्हणजे सुमारे १४० किमी अंतरावर पडतो.

बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधली. पुढे तेथे वैमानिक प्रशिक्षण सुरू झाले आणि मार्च २०२२ मध्ये इंदूर व हैदराबादकडे प्रवासी सेवा निघाली. पहिली सेवा टिकली नाही. डिसेंबर २०२३ पासून हैदराबादची सेवा पुन्हा सुरू झाली. बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटर लांब असून तेथून १६ एप्रिल २०२५ रोजी ‘उडान’ योजनेखाली मुंबईचे विमान सुटू लागले. दोन्ही ठिकाणी एटीआर ७२ जातीची पंख्याची विमाने वापरली गेली. ताशी सुमारे ५०० किमी वेगाने जाणाऱ्या अशा विमानाला हे अंतर कापण्यास, चढण-उतरण धरून, पाऊण तासाच्या आसपास वेळ लागेल. पश्चिमेचा वारा असल्यास जाताना काही मिनिटे वाचतील, तर परतताना जवळपास तेवढीच वाढतील.

हा पाऊण तास मात्र कागदावरचाच आहे, कारण या दोन विमानतळांना जोडणारी थेट प्रवासी सेवा नाही. विमानानेच जायचे ठरवल्यास आधी मुंबई, मग गोंदियाला विमान जाते असे दुसरे शहर आणि तेथून गोंदिया असा मोठा वळसा पडतो, आणि विमानांचे वार जुळले नाहीत तर वाटेत मुक्कामही करावा लागतो. म्हणून या अंतराचा खरा हिशेब जमिनीवरच मांडावा लागतो.

रस्त्याने तिवसा, तळेगाव, कोंढाळी, नागपूर, मौदा, भंडारा असा मार्ग असून वाटेत वर्धा, कन्हान आणि वैनगंगा या नद्या ओलांडाव्या लागतात. अंतर ३३० ते ३५० किमी भरते आणि मोटारीने साधारण सहा ते सात तास लागतात. रेल्वेची वाट याहून सरळ आहे : बेलोऱ्याजवळच्या बडनेऱ्याहून वर्धा, नागपूर, तुमसर रोड, तिरोडा या मार्गे गोंदिया सुमारे ३०० किमी आहे व विदर्भ एक्सप्रेस किंवा महाराष्ट्र एक्सप्रेसने तेथे पोहोचण्यास पाच ते सहा तास पुरतात. गोंदिया स्थानकापासून बिरसी आणखी १२ किमीच्या आसपास आहे.

नांदगाव खंडेश्वर किंवा देवरी तालुक्यातील गावकऱ्याच्या प्रवासात गावापासून स्थानकापर्यंतचा टप्पाही मोजावा लागतो. एसटीची फेरी आणि गाडीची वेळ जुळली नाही, तर याच टप्प्यात दोन-तीन तास सहज जातात. उद्या थेट विमान सुरू झाले तरी विमानतळावर तासभर आधी पोहोचणे आणि तेथून शहर गाठणे धरल्यास अमरावती ते गोंदिया हा प्रवास तीन तासांखाली येणे कठीण आहे. रेल्वेच्या तुलनेत निव्वळ बचत दोन ते तीन तासांची राहील.