बटुग्रह की लघुग्रह? सेरेस आणि व्हेस्टा कधी, कसे पाहायचे

२०२५ची अक्षय्य तृतीया होऊन दोन-तीन दिवस झाले होते. इंदूरला आमच्या गच्चीवर शेजारच्या काकूंनी द्विनेत्रीतून, म्हणजे बायनॉक्युलरमधून, बराच वेळ तूळ राशीकडे पाहिलं आणि विचारलं, "अरे, हाच ना तुझा बटुग्रह?"

"नाही काकू, हा व्हेस्टा. हा लघुग्रह."

"बटु म्हणजे लहान आणि लघु म्हणजेही लहानच. मग फरक कसला?"

प्रश्न रास्त होता. मराठीत हे दोन शब्द इतके सख्खे शेजारी आहेत की घोळ होणारच. त्यात आकाशात मामला उलटा आहे. सेरेस हा बटुग्रह, आकारानं मोठा, पण दिसतो मंद. व्हेस्टा त्याच्याहून कितीतरी लहान, तरी तोच ठळक. म्हणून 'बटुग्रह पाहिला' असं सांगणाऱ्यानं प्रत्यक्षात व्हेस्टा पाहिलेला असतो, हे मी अनेकदा अनुभवलंय.

आधी नावांचं बघू. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग इथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानं बटुग्रहाची व्याख्या ठरवली. सूर्याभोवती फिरणारा, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं गोल झालेला, पण आपल्या कक्षेचा परिसर इतर पिंडांपासून मोकळा करू न शकलेला, तो बटुग्रह. सेरेस यात चपखल बसतो. त्याचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर आहे आणि तो छान गोल आहे. व्हेस्टा सुमारे ५२५ किलोमीटरचा, म्हणजे इंदूर ते मुंबई सरळ रेषेत जेवढं अंतर होईल जवळपास तेवढा. त्याच्या दक्षिण ध्रुवावर रियासिल्व्हिया नावाचं ५०० किलोमीटर रुंदीचं विवर आहे. एवढा घाव बसल्यावर गोलाई कुठली राहणार? म्हणून तो लघुग्रहच राहिला. दोघंही मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात फिरतात. सेरेस १८०१ साली १ जानेवारीला पालेर्मोच्या वेधशाळेत पियाझ्झीला सापडला आणि काही दशकं चक्क ग्रह म्हणून मिरवला. व्हेस्टा १८०७ साली ओल्बर्सनं शोधला. लघुग्रहांच्या यादीत आजही सेरेसचा क्रमांक १ आणि व्हेस्टाचा ४ आहे, त्यामुळे सेरेसला कोणी लघुग्रह म्हटलं तर त्याला खोडून काढायला जाऊ नका.

आता मोठा असूनही मंद का, ते पाहू. चांदण्यात गच्चीवर एक मोठा काळा तवा आणि एक लहान स्टीलची वाटी शेजारीशेजारी ठेवली तर आधी वाटीच डोळ्यात भरते. सेरेस त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम ९ टक्के परत पाठवतो, व्हेस्टा ४० टक्क्यांहून जास्त. शिवाय व्हेस्टाची कक्षा सूर्याच्या, म्हणून आपल्याही, जास्त जवळ आहे. ताऱ्यांच्या तेजाच्या मापात, म्हणजे प्रतीत, आकडा जितका मोठा तितका तारा मंद, आणि अगदी काळ्याभोर आकाशात नुसत्या डोळ्यांना साधारण सहाव्या प्रतीपर्यंतचं दिसतं. व्हेस्टा चांगल्या वर्षी ५.३पर्यंत येतो, म्हणजे माणूस त्याला नुसत्या डोळ्यांनी पाहू शकतो. सेरेस फार तर पावणेसातपर्यंत पोचतो. त्याला द्विनेत्री लागतेच. इंदूरच्या मधोमध, राजवाड्याच्या आसपासच्या उजेडात, दोघांपैकी कोणीही नुसत्या डोळ्यांना दिसण्याची आशा धरू नये. महूच्या पुढे जानापावच्या बाजूला गेलात तर गोष्ट वेगळी.

दोघांना पाहण्याचा उत्तम काळ म्हणजे प्रतियुती. सूर्य, पृथ्वी आणि तो पिंड एका ओळीत येतात, पृथ्वी मधे असते. सूर्य मावळताना तो पूर्वेला उगवतो, रात्रभर असतो आणि मध्यरात्री सगळ्यात उंच जातो. इंदूर प्रमाणवेळेच्या रेषेच्या पश्चिमेला असल्यानं इथली सूर्याची खरी मध्यरात्र घड्याळात साडेबाराच्या आसपास पडते, ऋतूप्रमाणे थोडी मागेपुढे. सेरेसची प्रतियुती सरासरी ४६७ दिवसांनी येते, व्हेस्टाची ५०४ दिवसांनी. म्हणजे सेरेस दर खेपेला सव्वा वर्षानं आणि व्हेस्टा साधारण साडेसोळा महिन्यांनी. दोघांचं वेळापत्रक वेगळं, त्यामुळे व्हेस्टासाठी टिपून ठेवलेली तारीख सेरेसला लावली की हाती काहीच लागत नाही.

पण माळव्यात राहणाऱ्याला नुसती तारीख पुरत नाही, पावसाचंही बघावं लागतं. सेरेसच्या मागच्या प्रतियुती पाहा: ऑगस्ट २०२०, नोव्हेंबर २०२१, मार्च २०२३, जुलै २०२४, ऑक्टोबर २०२५. यातल्या दोन भर पावसाळ्यात गेल्या. व्हेस्टा जून २०१८मध्ये फार तेजस्वी झाला होता, पण तेव्हा आपल्याकडे ढग दाटून आले होते. ऑगस्ट २०२२चीही तीच कथा. म्हणून मी कॅलेंडरवर प्रतियुतीची खूण करतो तेव्हा पुढचा-मागचा महिनाही रंगवतो. प्रतियुतीनंतर महिनाभर पिंड फारसा मंदावत नाही आणि उलट लवकर, रात्री नऊ-दहालाच चांगला उंच असतो. घरच्या लोकांना मध्यरात्री उठवावं लागत नाही. नोव्हेंबर २०२१ मात्र विसरता येणार नाही. सेरेस तेव्हा रोहिणीच्या इतका जवळून गेला की द्विनेत्रीत लाल रोहिणी आणि तिच्याशेजारचा तो फिकट ठिपका एका नजरेत मावत होते.

आणि आता खरी अडचण. द्विनेत्रीतून पाहा की छोट्या दुर्बिणीतून, दोघंही ताऱ्यासारखेच दिसतात. गोलाई नाही, रंग नाही, कुठलीही खूण नाही. ओळख पटते ती फक्त हालचालीवरून. २०२५ साली सेरेसची प्रतियुती २ ऑक्टोबरला, अगदी दसऱ्याला होती, पण चंद्र भरत चालला होता आणि कोजागिरी आली. म्हणून चंद्र रात्री उशिरा उगवू लागेपर्यंत मी काही दिवस थांबलो. मग एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, टॉर्चला लाल कागद लावून, तिमिंगल तारकासमूहातल्या त्या कोपऱ्यातले सतरा ठिपके काढले. दोन रात्रींनी पुन्हा गेलो. सोळा ठिपके जिथल्या तिथे होते. एक सरकला होता, चंद्राच्या बिंबाच्या रुंदीहून जरासा कमी. तोच सेरेस. मोबाइलवरच्या स्टेलेरियम या आकाशनकाशाच्या अ‍ॅपनं जागा दाखवली होतीच, पण आपल्या हातानं काढलेला ठिपका सरकलेला पाहणं फार वेगळं. क्लाइड टॉम्बॉनं १९३० साली प्लूटो शोधला तोही असाच, जानेवारीतल्या दोन रात्रींच्या छायाचित्रांची तुलना करून.

प्लूटोचं नाव निघालंच आहे तर तेही सांगतो. तोही बटुग्रहच, पण १४व्या प्रतीच्याही पलीकडे, त्यामुळे दहा-बारा इंची दुर्बीण आणि खूप सराव हवा. त्यातून त्याची प्रतियुती सध्या दरवर्षी जुलैच्या शेवटी येते, जेव्हा आपल्यावर ढगांचं छप्पर असतं. आपण त्याला सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात संध्याकाळीच गाठायचं. हौमिआ, माकेमाके, एरिस हे बटुग्रह १७व्या-१८व्या प्रतीचे, हौशी माणसाच्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेरचे. म्हणजे घरच्या साधनांनी दिसणारा बटुग्रह एकच, सेरेस.

पुढच्या दोन तारखा लिहून ठेवा. व्हेस्टा ऑक्टोबर २०२६मध्ये प्रतियुतीला येतो, घटस्थापनेनंतर दोनच दिवसांनी, म्हणजे चंद्राचा त्रास नाही. तिमिंगलात असेल, साधारण सव्वासहा ते साडेसहा प्रतीचा, द्विनेत्रीत सहज. सेरेसची पाळी जानेवारी २०२७मध्ये, मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास, मिथुन राशीत, पुनर्वसूच्या दोन ठळक ताऱ्यांच्या परिसरात. इंदूरहून तो तेव्हा मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर असेल. उभ्यानं पाहायला गेलात तर मान भरून येईल, म्हणून गच्चीवर सतरंजी टाका, अंगावर शाल घ्या, द्विनेत्री धरलेल्या हातांची कोपरं दोन उशांवर टेकवा. काकूंनी त्यांची उशी आत्ताच राखून ठेवायला सांगितली आहे.