रोटाव्हायरस सगळ्याच बाळांना गाठतो, जीव मात्र गरिबाघरच्या बाळाचा जातो

बाळाला जुलाब लागले की घरात पहिला प्रश्न ठरलेला, काय खायला दिलं होतंस? आणि तो बहुतेक वेळा आईलाच विचारला जातो. पण दोन वर्षांच्या आतल्या मुलाला आधी उलट्या, ताप आणि मग पाण्यासारखे जुलाब असं झालं तर त्यामागे व्हायरस असायची शक्यता बरीच असते, आणि त्यात सगळ्यात मोठं नाव रोटाव्हायरसचं. १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या आतड्याचे तुकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितले तेव्हा तो माणसात सापडला, चाकासारखा गोल दिसतो म्हणून रोटा, कारण लॅटिनमध्ये रोटा म्हणजे चाक.

लस नसेल तर पाच वर्षांचं होईपर्यंत जगातलं जवळपास प्रत्येक मूल याच्या तावडीत येतं. श्रीमंत देशातलंसुद्धा. आजारी बाळाच्या एका ग्रॅम शीमध्ये अब्जावधी कण असतात आणि लागण व्हायला थोडेसेच पुरतात, त्यामुळे हात धुणं, स्वच्छ पाणी हे सगळं हवंच, पण नुसत्या स्वच्छतेने हा थांबत नाही. मग फरक कुठे पडतो? तर सलाईन वेळेत मिळतं का आणि बाळ आधीच कुपोषित आहे का, इथे.

आतड्याच्या आत मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांच्या टोकावरच्या पेशी पाणी शोषून घेतात आणि रोटाव्हायरस नेमक्या त्याच पेशी मारतो, शिवाय त्याचं एक प्रोटीन विषासारखं काम करून आतड्यातून उलटं पाणी बाहेर काढतं. अँटिबायोटिक इथे काहीही करू शकत नाही, तरी सर्रास दिलं जातं, याचं फार वाईट वाटतं. साखर आणि मीठ एकत्र शोषून घेणारी यंत्रणा मात्र पूर्ण बंद पडत नाही, साखरेबरोबर मीठ आत जातं आणि मिठामागे पाणी, ओआरएस चालतं ते याच्यामुळेच. सोबत १० ते १४ दिवस झिंक आणि आईचं दूध चालूच ठेवायचं.

रोटा एकटा नाही. नोरोव्हायरस, सॅपोव्हायरस, अ‍ॅस्ट्रोव्हायरस आणि अ‍ॅडेनोव्हायरसचे ४० आणि ४१ नंबरचे प्रकार, हेही आहेत. आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सात देशांत लहान मुलांच्या जुलाबांवर जेम्स (GEMS) नावाचा मोठा अभ्यास झाला होता, त्याचे नमुने नंतर जास्त बारीक टेस्टने परत तपासले तेव्हा अ‍ॅडेनोव्हायरसचा वाटा आधी वाटला होता त्यापेक्षा कितीतरी मोठा निघाला.

आता लसीचं. २००९ मध्ये डब्ल्यूएचओने सगळ्या देशांना रोटाची लस द्यायला सांगितलं, भारतात ती २०१६ पासून सरकारी लसीकरणात आली. अडचण ही की जिथे सगळ्यात जास्त गरज तिथेच ती कमी चालते. आईकडून आलेल्या अँटिबॉडी, सतत सुजलेलं आतडं, कुपोषण, सोबत दिलेले पोलिओचे थेंब, अशी बरीच कारणं यामागे धरली जातात. दक्षिण आफ्रिका आणि मलावी इथल्या ट्रायलमध्ये गंभीर आजारापासून संरक्षण पहिल्या देशात सुमारे ७७ टक्के मिळालं आणि मलावीत जेमतेम ४९. हे ऐकून लोक म्हणतात की मग उपयोग काय, पण त्याच ट्रायलमधला दुसरा आकडा बघा, दर १०० बाळांमागे गंभीर आजाराच्या केसेस टळल्या त्या दक्षिण आफ्रिकेत ४.२ आणि मलावीत ६.७! कारण मलावीत आजारच इतका होता की अर्धवट चालणाऱ्या लसीनेही जास्त बाळं वाचवली.

आणि अर्धवटवरच थांबायचं असंही काही नाही. मेलबर्नच्याच टीमने नवजात बाळांमध्ये सापडलेल्या एका सौम्य रोटाव्हायरसपासून लस बनवली, इंडोनेशियात तिचा पहिला डोस जन्मानंतरच्या पहिल्या पाच दिवसांतच देऊन बघितला, तर दीड वर्षापर्यंत गंभीर आजारापासून ७५ टक्के संरक्षण मिळालं.