शहर सोडून निघालेली अमूर

नदीकाठच्या शहराला पुराची धास्ती असते. रशियाच्या अतिपूर्वेकडील खाबारोव्स्कला मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस भलतीच काळजी लागली: अमूर आपल्याला सोडून तर जाणार नाही ना? शहर उजव्या काठावर, आणि पाणी हळूहळू डावीकडच्या पेम्झेन्स्काया आणि बेशेनाया या फाट्यांकडे वळू लागले होते.

शिल्का आणि अर्गुन यांच्या संगमापासून समुद्रापर्यंत अमूर २८२४ किलोमीटर वाहते. खाबारोव्स्कच्या आसपास ती सपाट, दलदलीच्या मैदानात शिरते. उतार इतका कमी की एका पात्रात तिचे भागत नाही. बेटे, फाटे, जुनी पात्रे यांचे जाळेच होते. त्यात सैबेरियातल्या इतर मोठ्या नद्यांसारखी ही केवळ बर्फ वितळण्यावर जगत नाही. तिचे बहुतेक पाणी उन्हाळी मोसमी पावसाचे, तेही थोड्या आठवड्यांत कोसळणारे. पुरात एखादा आखूड फाटा जरासा खोल झाला की त्यात पाणी वाढते, वाढलेले पाणी तळ आणखी खरवडते, आणि जुन्या पात्रात वेग मंदावून गाळ बसतो. मग हे चक्र आपोआप चालू राहते. शेवटी ते रोखायला फाट्यांवर बांध घालावे लागले. तरी बांध म्हणजे कायमचा बंदोबस्त नव्हे: २०१३च्या पुरात खाबारोव्स्कजवळ पाणी ८०८ सेंटिमीटरच्या खुणेवर चढले, त्याआधीचा १८९७चा विक्रम ६४२चा होता.

नदी हीच सीमा असली की प्रकरण आणखी चिघळते. उसुरीच्या संगमाजवळच्या बोल्शॉय उसुरीस्की बेटावरून रशिया आणि चीन यांचा वाद कितीतरी दशके चालला. मूळ प्रश्न एकच, सीमा कोणत्या फाट्यातून धरायची? २००८ मध्ये बेटाचा जवळपास अर्धा भाग चीनकडे गेला. बेट वाटून घेता आले, प्रवाह मात्र वाटणी पाळेलच असे नाही.

मला सर्वांत नवल वाटते ते खालच्या टप्प्याचे. मारिइन्स्कोयेजवळ अमूरला लागून किझी सरोवर आहे. त्याच्या पूर्व टोकापासून तातार सामुद्रधुनी जेमतेम पंधराएक किलोमीटरवर. समुद्र इतका जवळ असूनही नदी उत्तरेला वळते आणि आणखी दोन-तीनशे किलोमीटर फिरून मुखाशी पोहोचते. कधी काळी ती किझीवाटे थेट समुद्रात उतरत असावी, असे काही भूवैज्ञानिक मानतात. एकोणिसाव्या शतकात तर त्या चिंचोळ्या पट्ट्यातून वाहतुकीचा आडमार्ग काढण्याच्या योजनाही आखल्या गेल्या.